ओले कान

आमच्या नात्यागोत्यात एका कुत्र्याची गोष्ट सांगतात. अमरावतीच्या बहिणीने आपला कुत्रा काही महिने अकोल्याला भावाकडे ठेवला. कुत्रा तिच्या आठवणीने झुरला आणि एका दुपारी फाटक उघडं दिसताच तिला शोधायला निघून गेला. पुन्हा तो कोणाला दिसला नाही. लग्नाच्या मांडवात, तेराव्याच्या पंगतीत, कोणी कुत्र्यामांजरांचा विषय काढला की ही गोष्ट निघतेच. बायका डोळ्यांना पदर लावतात. एखादा म्हणतो, "माणसाले नसते अशी माया."

त्या गोष्टीतला भाऊ मी. मी ती कधी सांगितली नाही, आणि कधी थांबवलीही नाही. ती सुरू झाली की मी पाणी प्यायला उठतो. कोणी थेट विचारलंच, "काकाजी, तुमच्याच घरून गेला होता ना तो?" तर मी मान हलवतो आणि पीकपाण्याचं काढतो. इतकी वर्षं हेच केलं. आता वय झालं. आणखी वाट पाहिली तर माझं अक्षर मलाही लागायचं नाही. म्हणून सांगतो, ती गोष्ट खोटी आहे.

माझी नोकरी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसाचा ग्रेडर म्हणून झाली. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून नाकाशी न्यायचा. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस वरून कितीही पांढरा दिसला तरी आत ऊबट लागतो आणि आंबूस वास मारतो. शेतकरी शपथा घेत, व्यापारी हसत, मी मान हलवत असे. माझ्या नाकाला फसवणं कठीण, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

धाकटी बहीण अमरावतीला राहायची. नवरा गेल्यावर घरात ती आणि तो कुत्रा. तपकिरी रंगाचा, कुठल्या जातीचा ते धड सांगता येणार नाही, पण कान लांब आणि लोंबते. खाली वाकून पाणी प्यायचा तेव्हा कानांची टोकं भांड्यात बुडायची. तिने त्याला माणसाचं नाव ठेवलं होतं आणि ती त्याच्याशी दिवसभर बोलायची. स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला की तो असेल तिथून येई.

भाचीच्या बाळंतपणासाठी बहिणीला बंगलोरला जावं लागलं. होळी झाली आणि ती कुत्र्याला घेऊन आमच्याकडे आली. त्याची ताटली, पट्टा, पांघरूण, सगळं एका पिशवीत. जाताना फाटकाशी थांबून म्हणाली, "दादा, एकच ध्यानात ठेवजो. आंघोळ घातली का त्याचे कान कोरडे करजो. आत बोट नाई घालायचं, वरच्यावर मऊ फडक्यानं पुसायचे."

"अवं, कुत्रं हाय का जवाई?" मी म्हणालो.

"जवाई आपले कान आपणच पुसतात. याले हात नाई."

आम्ही दोघंही हसलो.

अकोल्याचा उन्हाळा अकोल्याच्या माणसाला वेगळा सांगायला नको. चैत्रातच अंगणातली फरशी अशी तापते की चप्पल काढवत नाही. कुत्रा दिवसभर जीभ काढून पडायचा. मला त्याची कीव आली. मी रोज, कधी सकाळ-दुपार दोनदाही, त्याला अंगणात उभं करून डोक्यावरून पाण्याचा पाइप सोडू लागलो. मग तो थेट कूलरसमोर जाऊन बसे. कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकायचं, तिथे खाली डोकं धरून डोळे मिटायचा. गार झाला म्हणून मी खूष, आणि तोही. कान पुसायचं? एवढ्या उन्हात पाणी टिकतं कुठे, आपोआप वाळेल, असं मी धरून चाललो. पण लोंबत्या कानाखाली ऊन जात नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा तो डोकं झटकू लागला. फटफट असा कानांचा आवाज यायचा. मला वाटलं, पाणी झटकतोय. मग मागच्या पायाने डावा कान खाजवायचा, खाजवता खाजवता कण्हायचा. खाटेच्या पायाला डोकं घासायचा. मी गोचीड शोधली, सापडली नाही, म्हणून विषय सोडला.

बायको म्हणाली, "अवो, याच्या डोक्याचा वास येऊन राह्यला."

"कुत्र्याले कुत्र्याचाच वास येईन. अत्तराचा येईन का?"

"तसा नाई. कायतरी सडल्यासारखा. तुमी नाक लावून पाहा ना."

मी नाक लावलं. तोच वास होता, ढिगाच्या पोटातला, ऊबट आणि आंबूस. कानाच्या मुळाशी हात लागला तर तिथेही ऊब. कापसाच्या गाडीत असं काही लागलं असतं तर मी गाडी तिथल्या तिथे परत पाठवली असती. इथे म्हणालो, "उन्हाचं हाय. उतरते आपोआप." आत तपकिरी चिकट मळ दिसत होता. मी त्याला मळच म्हटलं.

आणि मग मी उपचार केला. आमच्याकडे कान दुखला की लसणाची पाकळी तेलात तळायची, ते तेल कोमट झालं की कानात दोन थेंब सोडायचे आणि वरून कापसाचा बोळा लावायचा. माझ्या आईने माझ्यावर केलं, मी माझ्या मुलांवर केलं. कापसाच्या माणसाच्या घरात कापसाला काय तोटा? सरकी काढलेल्या, लांब धाग्याच्या स्वच्छ कापसाचा मी चांगला घट्ट बोळा केला आणि बायकोने कुत्र्याला धरल्यावर तेल ओतून तो त्याच्या कानात बसवला. कुत्रा असा ओरडला की शेजारीण गच्चीवर आली. बोळा पडू नये म्हणून मी तो बोटाने आणखी आत लोटला. ओला कान आणि त्यावर बूच. काम नीट झालं, या समाधानात मी हात धुतले.

बहीण संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. बाळ दाखवायची आणि मग म्हणायची, "आता माह्या मोठ्या लेकराले दाखव." मी फोन कुत्र्यासमोर धरायचो. तिचा आवाज आला की तो मान तिरपी करून बघायचा. आम्हाला त्याचं मोठं कौतुक. एकदा ती बोलता बोलता थांबली.

"दादा, तो डावीकडंच काहून वाकडी करते मान? आधी तर दोन्हीकडं करे."

"तुया आवाज ऐकून लाडात आला तो."

"नाई दादा. माह्या आवाज बंद झाल्यावरही वाकडीच हाय. एकदा डॉक्टरले दाखवजो त्याले."

मी हो म्हणालो. जनावरांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. ऑटोवाले कुत्र्याला बसवून घेत नाहीत, त्यात ते ऊन. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. पुढच्या फोनवर तिने पहिलंच विचारलं, "दाखवलं का?"

"दाखवलं. डॉक्टर म्हणे काई नाई, उन्हाचा त्रास."

"कानात बॅटरी लावून पाह्यलं का त्यायनं?"

"हो, सगळं पाह्यलं."

ती निर्धास्त झाली. एवढं एक वाक्य मी खरं बोललो असतो, अजून नेलं नाही म्हणालो असतो, तर तिने मला फोनवर फोन करून हैराण केलं असतं आणि मी झक मारत गेलो असतो. तिच्या स्वभावात ते होतं. मी माझी कटकट वाचवली.

बोळा आतच राहिला होता की पडून गेला होता, हे मी कधी पाहिलं नाही. कुत्र्याच्या डाव्या कानाची पाळी फुगून पुरीसारखी झाली. मला वाटलं गांधीलमाशी चावली. तो जेवताना एकाच बाजूने चावू लागला, जिन्याच्या पायऱ्यांवर तोल जायचा. हाक मारली की उशिरा बघायचा. मी त्याला आळशी झाला म्हणालो.

एका सकाळी बायको त्याच्या गळ्यात पट्टा घालायला वाकली आणि त्याने तिचा हात दातांत धरला. रक्त आलं. तिला दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. परत आलो तर गल्ली फाटकाशी जमलेली.

"काकाजी, पिसाळला काय?"

"पिसाळलेला पाणी पीत नाई. हा तर बादलीत तोंड घालून पिऊन राह्यला," मी म्हणालो.

"मंग बिघडला. घरातल्या बाईले चावला म्हणजे बिघडलाच. असं जनावर घरी नाई ठेवत, वावरात पाठवा."

आमच्याकडे ही रीतच आहे. घरात चावरं झालेलं कुत्रं मळ्यात, वावरात राखणीला जातं. तिथे चावरेपणाला किंमत असते. एकट्या बायकोने वेगळं सांगितलं. हाताला पट्टी बांधून ती खाटेवर बसली होती. म्हणाली, "त्याचा काई दोष नाई. माह्या हात त्याच्या कानाले लागला. मले वाटते कान दुखते त्याचा. आन् हे पाहा, बाईले विचारल्याबगर काई करू नका." बहिणीला आम्ही घरात बाई म्हणायचो.

मी कोणालाच विचारलं नाही. बहिणीला विचारायचं म्हणजे डॉक्टरांचं खोटं उघडं पडणार होतं. वरूडकडचा एक संत्र्याचा व्यापारी माझ्या ओळखीचा होता, त्याची गाडी माल उतरवून रिकामी परत जायची. त्याला बागेत राखणीला कुत्रा हवाच होता. मी त्याला सांगितलं, कुत्रा चांगला आहे, फक्त डोक्याला हात लावू नको. हे मी स्वतः सांगितलं. म्हणजे कुठे दुखतं ते मला ठाऊक होतं, फक्त ते कबूल करायचं नव्हतं. गाडीत चढताना कुत्र्याने काहीच गडबड केली नाही. कुठेतरी फिरायला निघालो असं त्याला वाटलं असावं.

बहिणीला फोनवर मी एवढंच म्हणालो, "बाई, तो पळाला."

तिने आधी कधी ते विचारलं. मग विचारलं, "फाटक उघडं होतं का?"

"हो."

"मंग मले शोधायले गेला असन तो."

ती गोष्ट अशी जन्माला आली. ती मी रचली नाही, हे खरं आहे. पण रचणारीच्या तोंडून ती निघाली तेव्हा मी "असन" म्हणालो, हेही खरं आहे.

बंगलोरहून ती थेट अकोल्याला आली. चहासुद्धा न घेता पिशवीतून ताटली आणि चमचा काढला. आम्ही दोघं गल्लीगल्लीतून फिरलो. ती पुढे, ताटली वाजवत, त्याचं नाव घेत. मी मागे, तिची छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. पोरं हसत होती. एक दुकानदार म्हणाला, "काय विकून राह्यले मावशी?" तिने त्याला मोबाइलमधला फोटो दाखवला. त्याने चष्मा लावून नीट बघितला आणि खेदाने मान हलवली. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ चांगला भेटला तुमाले. नाईतर एवढ्या उन्हात कोण येते संगं."

पार बाळापूरच्या रस्त्यापर्यंत आम्ही गेलो. परतताना ती एका टपरीच्या बाकावर बसली. पायाला फोड आले होते. म्हणाली, "चूक माहीच हाय, दादा. मुक्या जीवाले सोडून गेले मी. त्याले काय सांगता येते, दोन महिन्यांत येते म्हणून?"

मी तिच्याशेजारी बसलो होतो. सांगायची तीच वेळ होती. तिने मला वाट्टेल ते बोलून घेतलं असतं, वरूडला नेऊन कुत्रा परत आणला असता, त्याचा कान दाखवला असता. अजून उशीर झालेला नव्हता. मी तिला उसाचा रस आणून दिला.

त्यानंतर तिने दुसरा कुत्रा पाळला नाही. कोणी पिल्लू आणलं तर लांबूनच हात जोडायची. "एकाची माया लावली आन् त्याले टाकून गेले. आता नाई."

बरीच वर्षं गेली. माझ्या नातीने मांजर पाळली. ती मांजर एकाएकी पलंगाखाली जाऊन बसू लागली, डोकं झटकू लागली, कानामागचे केस खाजवून खाजवून गेले. ती फटफट मला ओळखीची वाटली. नातीने तिला टोपलीत घातलं तेव्हा मीही सोबत गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी चांगला कान उलटून दाखवला. आतून फिकट गुलाबी, कोरडा, कसलाही वास नाही. मग दुसरा. लाल, सुजलेला आणि आत चहाच्या भुकटीसारखे काळे कण. "हे बारीक किडे आहेत, मांजरींमध्ये फार. घरी कळत नसेल तर नेहमी दोन्ही कान शेजारी शेजारी बघायचे. एक दुसऱ्यासारखा दिसला नाही की घेऊन यायचं. आणि घरचं काही टाकायचं नाही. तेल तर नाहीच. पडदा फाटलेला असेल तर ते आत जातं."

मी विचारलं, "कुत्र्यांनाही होतं का हे?"

"त्यांना बहुतेक ओलाव्याने होतं. लोंबत्या कानांचे असतील तर जास्तच. आत हवा नाही, पाणी राहिलं की आंबतं. वास येतो, चिकट पाणी येतं, झटकून झटकून पाळीत रक्त साठतं. तरी लक्ष दिलं नाही तर आतल्या कानापर्यंत पोचतं, मग मान एकीकडे कलते, तोल जातो, ऐकूही कमी येतं."

डॉक्टरीणबाई माझ्या घरातल्या त्या कुत्र्याचंच वर्णन करत होत्या. मी म्हणालो, "आणि तो चावला तर?"

"कानाजवळ हात गेला होता का?"

"हो."

"मग तो चावत नव्हता हो आजोबा. हात बाजूला करत होता."

नात माझ्याकडे बघून हसली. "आजोबा, मांजरीपेक्षा तुमीच जास्त घाबरून राह्यले." थोड्या दिवसांच्या औषधाने तिची मांजर बरी झाली आणि पुन्हा पडद्यावर चढू लागली. मला ते बघवत नव्हतं. इतकं साधं होतं ते.

मी वरूडच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याच्या मुलाने उचलला. कुत्रा संत्र्याचे दोनेक बहार राहिला, मग एका हिवाळ्यात गेला, असं म्हणाला. "राखणीले एक नंबर होता काकाजी. फक्त मान वाकडी होती त्याची, शेवटपर्यंत. आन् एक गंमत होती. तुमी डावीकून आवाज दिला, का तो उजवीकडं पाहे. आमी पोरं त्याले लय सतवत जाओ तसं. बिचारा शोधत बसे."

त्या भाऊबीजेला मी ठरवून अमरावतीला गेलो. बायको निघताना म्हणाली, "आज सांगून या. नाईतर मी सांगते." बहिणीने ओवाळलं, ताटात पुरणपोळी वाढली. मी सुरुवात केली, "बाई, तुया कुत्र्याचं एक..." तिचा वाढणारा हात थांबला. ती म्हणाली, "नको काढू दादा. तो मले शोधत गेला, एवढ्यावरच मी निभावून राह्यली. त्याले माही आठवण होती, एवढं तरी खरं हाय ना?"

मी हो म्हणालो. मग वाटत राहिलं, सांगून तिचं तेवढंही काढून घ्यायचं का? मी माझ्या भित्रेपणाला दयेचं नाव दिलं. पण तिच्याजवळ फक्त ते समाधान नव्हतं. त्याच्या जोडीला, आपण त्याला टाकून गेलो, हा सलही होता आणि तो माझ्यामुळे होता. तो मी काढू शकलो असतो.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. मी शेवटी शेवटी तिच्याजवळ होतो. भाची औषध आणायला गेली, खोलीत आम्ही दोघंच उरलो. तिने डोळे उघडून विचारलं, "काय पाहून राह्यला दादा?" मी म्हणालो, "काई नाई. झोप तू." ती झोपली. दोन दिवसांनी गेली.

भाचीने तेराव्याला ती गोष्ट पुन्हा सांगितली आणि या वेळी मी पाणी प्यायला उठलो नाही, पण बोललोही नाही. भाची हे वाचेल आणि माझ्यावर रागावेल, तर रागवावं. जिला ऐकवायचं होतं, तिला जे सांगायला तोंड उघडलं नाही ते असं होतं:

बाई, तू त्याले टाकून गेली नव्हती. तू त्याले भावाजवळ ठेवून गेली होती. तो पळाला नाई, मी पाठवला. डॉक्टरले मी दाखवलं नाई, तुले खोटं सांगितलं. त्याचा कान दुखत होता आन् मले ते समजत होतं. चूक तुही नव्हती, माही होती. मले माफ कर.